ढोलकीचा माईक आणि लाल काठ

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. सगळे मला माईक म्हणतात. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आलेला आहे, रंग उडाला आहे आणि अंगावर कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव नाही. तरी मला माझी लाज वाटत नाही. ज्यांना नुसतं रूप बघायचं आहे, त्यांनी दुकानाच्या काचेतले माईक बघावेत.

माझा जन्म ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. जयाताई नावाच्या बाईंनी केसाहून बारीक तांब्याची तार माझ्या पोटात बसवली. माझी रचना साधी आहे. पुढे पातळ पडदा, त्यामागे ती तार, आणि जाळीच्या खालच्या भागात, मानेजवळ, बारीक भोकं. ही भोकं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पण समोरचा आवाज घ्यायचा आणि मागचा सोडून द्यायचा, ही माझी सगळी अक्कल त्या भोकांत आहे. तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन अडलं.

पहिली नोकरी कल्याणच्या एका मंगल कार्यालयात. तिथे मी मंगलाष्टका ऐकवल्या, रुसलेल्या मामांना जेवायला बोलावलं, हरवलेल्या मुलांची नावं पुकारली. लोक बोलण्याआधी माझ्या डोक्यावर टपल्या मारत आणि तोंडावर फुंकर घालत. तेही सोसलं. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मित्राने मला जिन्यावर पाडलं, तेव्हाचा हा पोचा. मग बिनतारी माईक आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! खोक्यासकट मी डोंबिवलीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडलो.

तिथे एका दुपारी भाविका आली. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी, खांद्याला ढोलकी. सुदेशदादांच्या बेंजो पार्टीत ती नुकतीच वाजवायला लागली होती. ही वाजवणाऱ्यांची पार्टी लग्नाआधीच्या हळदीच्या कार्यक्रमांत वाजते. तिथे साऊंडवाला विनीत ढोलकीसमोर जो माईक ठेवायचा, तो लांबचाही आवाज ओढायचा आणि शिट्टी मारायचा. म्हणून विनीत त्याचा आवाज कमी ठेवी आणि ढोलकी कुणाला ऐकूच येत नसे. लोक म्हणत, मुलीचा हात हलका आहे.

दुकानदाराने तिच्यापुढे एक देखणा, महागडा माईक ठेवला.

"लावून दाखवा ना काका," ती म्हणाली. "मी वाजवून बघते."

त्या देखण्या माईकमधून ढोलकी आली, पंख्याची घरघर आली, रिक्षाचा हॉर्न आला आणि दुकानदाराचा खोकलाही आला. मग तिने खोक्यातून मला उचललं आणि ढोलकीच्या कडक थापेच्या बाजूला, वीतभर अंतरावर, तिरकं धरलं. माझ्यातून फक्त ढोलकी आली.

"ह्याला पंखा ऐकूच येत नाय," ती हसून म्हणाली. "हाच द्या."

तो देखणा माईक तिच्या ऐपतीबाहेरचाही होता, हे कशाला लपवू? पण तिने मला नाइलाजाने घेतलं नाही. वाजवून, पारखून घेतलं. खोक्यात पडलेल्याला ह्याची किंमत विचारा.

दुसऱ्याच दिवशी माजिवडा गावात हळद होती. मांडव लांबलचक. सुदेशदादा वाईट माणूस नव्हेत, पण तेही लोकांच्या तक्रारी ऐकून कंटाळले होते.

"बघ भाविका, आज शेवटच्या खुर्चीपर्यंत ढोलकी पोचली पायजे," ते म्हणाले. "नाय पोचली तर उद्यापासून मी दुसरा माणूस बघतो. मग राग मानू नको."

तिने मला स्टँडवर चढवलं आणि ढोलकीसमोर तिरकं वळवलं.  

तेवढ्यात तिची आत्या आली. चंद्रभागाआत्या लग्नांत धवले गाते, म्हणजे हळदीची, लग्नाची पारंपरिक गाणी. मुलीने बेंजो पार्टीत बसायचं की नाही, ह्यावरून घरात भांडण झालं, तेव्हा भाविकाच्या बाजूने ही एकटी उभी राहिली होती. कोळीवाड्यात नवीन वाद्य आलं की त्याला हळदकुंकू लावतात. आत्याने मलाही लावलं. मग आपल्या जुन्या लुगड्याचा लाल काठ माझ्या मानेभोवती गच्च गुंडाळला आणि दोन गाठी मारल्या.

"नजर नाय लागाची आता," ती म्हणाली.

मित्रांनो, तिने माया केली. पण माझी सगळी भोकं बुजली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला चहूकडून ऐकू यायला लागलं. स्पीकर, बेंजो, मांडवामागचा जनरेटर, पोरांचा गोंगाट. स्पीकरचा आवाज माझ्यात शिरे, तोच पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडे, आणि माझ्या तोंडून लांब, कर्कश शिट्टी निघे. लोकांनी कानांवर हात ठेवले. मला ओरडून सांगायचं होतं की माझी मान सोडवा, पण माझ्याजवळ त्या शिट्टीशिवाय शब्द नव्हता. मी घाबरलो होतो. खोक्याला नव्हे. माझ्यामुळे ह्या पोरीची जागा जाणार, ह्याला.

गाणं कसंबसं संपलं. सुदेशदादा मान वळवून नुसतं बघत राहिले.

"भाविका, तुझा माईक बंद करतोय," विनीत म्हणाला. "अजून एक शिट्टी आली तर लोक उठतील."

"एक मिनिट दे ना रे."

"अगं, पुढचं गाणं चालू होतंय."

"एकच मिनिट."

तिने डोळे मिटून स्पीकरकडे कान दिला. जनरेटरची घरघर स्पष्ट येत होती. "काल ह्याला डोक्यावरचा पंखा ऐकू येत नव्हता," ती पुटपुटली. "आज लांबचा जनरेटर कसा ऐकतोय?" काल आणि आजमध्ये फरक एकच होता. तिची बोटं लाल काठावर आली आणि तिथेच थांबली. समोर पहिल्या रांगेत आत्या बसली होती. भर हळदीत, सगळ्यांदेखत, आत्याने नजर लागू नये म्हणून बांधलेली गाठ सोडायची कशी? बेंजोची तार छेडली गेली. विनीतचा हात बटणाकडे गेला. तरी भाविकाची बोटं हलेनात.

आत्याने ती बोटं पाहिली. उठली आणि थेट स्टेजवर आली.

"आत्या, ह्या काठाने माईक कोंडतोय," भाविका कशीबशी म्हणाली. "पण नजर..."

"नजर लागाला आवाज तरी पोचू दे गो लोकांपरत," आत्या म्हणाली. "मीच बांधली, मीच सोरते."

गाठी पक्क्या होत्या. तिने दातांनी सोडवल्या.

आणि मागचं सगळं जग गप्प झालं. माझ्यासमोर फक्त एक उजवा हात उरला. त्या हाताची थाप पडली आणि मी ती जशीच्या तशी पुढे दिली. विनीतने बटण वर नेलं, आणखी वर नेलं. शिट्टी नाही. मांडवाच्या टोकाला भांडी आवरणाऱ्या बायका हात थांबवून स्टेजकडे बघू लागल्या. हात हलका नव्हता, मित्रांनो. कधीच नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर सुदेशदादांनी बेंजो पेटीत ठेवला. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, "उद्या घोडबंदरला हळद आहे. लवकर ये." भाविकाने मान डोलावली आणि मला पदराने पुसताना आत्या रडली.

आज मी थकलोय, तरी वाजतोय. तुमच्या घरी, शाळेत माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्या डोक्यावर टपल्या मारू नका. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसा. तो लाल काठ आता माझ्या स्टँडच्या पायाला बांधलेला असतो, आणि तिथे तो मला फार आवडतो. मायेने जरूर बांधा, मित्रांनो. फक्त गाठ मारण्याआधी श्वासाची जागा कुठे आहे, ते बघून घ्या.