मोहनरावांचं परदेशी जलपूजन

दूध संघाच्या सभेत विषय एकच: जपानच्या अभ्यास दौऱ्याचा झालेला खर्च मंजूर करायचा, की चेअरमन मोहनरावांना खुर्चीवरून उठवायचं. दुष्काळात गोठे ओस पडलेले, आणि हे जपानला जाऊन आलेले. पुढच्या रांगेत आसाराम. उद्या त्या खुर्चीत तोच बसणार होता, म्हणून आजच कडक इस्त्री करून आलेला.

मोहनराव वाचू लागले.

अहवाल: नदीकाठच्या एका जुन्या व्यापारी गावास भेट दिली. गावातून कालवा वाहतो. दोन्ही काठांवर जुनी लाकडी दुकाने व काळ्या कौलांची कोठारे उत्तम जतन केली आहेत.

सभा:
"म्हशी किती हुत्या?" आसाराम.
"म्हशी न्हवत्या."
"मंग दूध संघाचं तिथं काय काम?"
"पुढं येतंय."

अहवाल: सोयाबीनचा काळा रस करणारी जुनी पेढी पाहिली. लाकडी पिंपे माणसाहून उंच. चव खारट.

सभा:
"सोयाबीनला भाव काय देतेत?" नबी म्हशीवाल्यानं विचारलं.
"ते विचारायचं राहिलं, नबीभाई."
"मंग विचारलं काय?"
"संडास कुठं हाय ते," उपाध्यक्ष विमलबाई म्हणाल्या. "लई भारी. बसायची जागासुदिक गरम."
"हितली बी आज गरमच हाय," आसाराम म्हणाला. मांडव हसला.

अहवाल: जत्रेच्या रथांचे संग्रहालय पाहिले. रथावर प्रचंड बाहुल्या. प्रत्येक गल्लीचा रथ वेगळा, व गल्ल्यांमध्ये चुरस असते.

सभा:
"हे बघायला इमानात कशाला बसाया लागतंय?" आसाराम.

अहवाल: गावात एक पूल आहे. त्याच्या दोन्ही कडांवरून अधूनमधून कालव्यात पाणी सोडतात.

सभा:
मागच्या रांगा पुढं सरकल्या.
"कावून सोडतेत?" नबीनं विचारलं.
"आवाज ऐकायला."
"कशाचा?"
"पाणी पडल्याचा."
"परत वाचा," मागून कुणीतरी म्हणालं. मोहनरावांनी परत वाचलं.
"हळू वाचा."

सभा हातची जातेय हे आसारामच्या ध्यानात आलं. "आन तुमी तिथं काय दिवे लावले ते बी वाचा!"

ते अहवालात नव्हतं. विमलबाईंनीच सांगून टाकलं.

संघाच्या ऑफिसात आधीच्या प्रत्येक चेअरमनचा धरणावर जलपूजन करतानाचा फोटो आहे. मोहनरावांच्या काळात धरण भरलंच नाही. सत्कारासाठी म्हणून नेलेला नारळ पिशवीत होता. एवढं वाहतं पाणी बघून त्यांना राहवेना. पायऱ्या उतरले, हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला. विमलबाईंनी खण सोडून ओटी भरली.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या नावाडणीनं नाव थांबवली, नारळ जाळीनं काढला, पुसला आणि कमरेत वाकून दोन्ही हातांनी परत दिला. मोहनरावांनी परत सोडला. तिनं परत काढला, परत वाकली. मग हेही वाकले. पुलावर माणसं जमून फोटो काढायला लागली. शेवटी मोहनरावच दमले.

आसाराम उभाच राहिला. "म्हंजे पाण्यानं पूजा घेतली न्हाई! नारळ माघारी आलेला माणूस चेअरमन?"

"तसं न्हाई बाबा," बायकांतून चंद्रभागाबाई म्हणाली. "पूजा आर्धी राहिली. ज्यानं मांडली त्यानंच पुरी करावी. मधीच दुसरा बसला तर समदं त्याच्यावर येतं. बसतुस का?"

आसाराम बसला. पण आपल्या जागेवर.

ठराव झाला: धरण भरेपर्यंत मोहनराव चेअरमन. भरलं की त्यांनीच जलपूजन पुरं करायचं, फोटो काढायचा आणि खुर्ची सोडायची.

"आन भरलंच न्हाई तर?" आसारामनं विचारलं.

"तर मला सेवा करावीच लागंल," मोहनराव पहिल्यांदाच मोकळं हसले.

आसारामनं बाह्या वर सारल्या. "मी निगालो नारायणगडाला. पावसाचा नवस बोलतो. पायी. येतं का कुणी?"

आजपर्यंत कुठल्याच सभेत आसारामच्या मागं एवढी माणसं उठली नव्हती. नबी उठला, चंद्रभागाबाई उठली, विमलबाईंनी पदर खोचला. मांडव रिकामा झाला. खुर्चीत मोहनराव एकटे.

त्यांनी खुर्चीच्या हातांवरून एकदा हात फिरवला. मग घाईघाईनं चपला शोधायला लागले.

"थांबा की बे! म्हशी माझ्या बी हायत!"