उशिराचं कारण

सकाळी सहाला बोट टोचलं तेव्हा च्वांग सुचेनची साखर एकशे बारा होती. साडेसातला ती अठ्ठ्याऐंशीवर आली. रात्रीपासून पोटात अन्न नव्हतं. आठ वाजता तिला ऑपरेशनला न्यायला माणूस येणार होता. पित्ताशय काढायचं होतं आणि यादीत तिचा नंबर पहिला होता.

माणसाच्या आधी डॉक्टर लु आले.

"मावशी, जरा बदल झालाय. तुमचा नंबर आता चौथा. दुपारी दोनपर्यंत घेऊ."

"चौथा? चार म्हणजे मरण, म्हणून तुमच्या लिफ्टला चौथा मजलासुद्धा नाही, आणि मला चौथा नंबर देताय?"

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली.

सुचेनने कीलुंगच्या बस आगारात एकतीस वर्षं गाड्या सोडल्या होत्या. वेळापत्रक बदललं की मागे कुणाचा तरी फोन असतो, हे तिला सांगावं लागत नसे. आणि वेळेवर निघण्यासाठी तिने काय केलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. तीन महिन्यांपूर्वी याच डॉक्टरांनी तिला परत पाठवलं होतं. एवढ्या साखरेत जखम भरणार नाही, पू होईल, म्हणाले होते. तेव्हापासून सकाळचं गोड सोयादूध बंद झालं. पाऊस असो नसो, बंदराला दोन फेऱ्या आणि वहीत दिवसाला चार आकडे. नर्स यिजुनने तिला कार्ड लिहून दिलं होतं: कुठली गोळी तीन दिवस आधी थांबवायची, रात्रीचं इन्सुलिन किती कमी घ्यायचं. शेवटची ओळ लाल शाईत होती. 'उपाशी फार वेळ राहायचं नाही. सकाळचा पहिला नंबर.'

"माझ्या जागी कोण चाललंय?"

"नगरसेवकांच्या सासूबाई. मावशी, तुम्हाला सलाईन लावू, साखर बघत राहू. काही धोका नाही."

"त्यांना मधुमेह आहे?"

"नाही."

"घाई आहे? पोट फुटायला आलंय?"

"तसं नाही."

"मग सलाईन त्यांना लावा. मी निघते."

ती खाटेवरून उतरली, चाकाच्या खुर्चीत बसली आणि स्वतःच चाकं फिरवत लिफ्टच्या दारात आडवी थांबली.

डॉक्टर यिजुनकडे वळले. "तुम्ही समजवा यांना."

"समजावलंय, सर. तीन महिने हेच समजावलंय."

यिजुनने पुन्हा बोट टोचलं. एक्याऐंशी. तिने आकडा आणि वेळ मोठ्याने वाचली, कागदावर लिहिली.

सुचेनने कागद मागून घेतला आणि डॉक्टरांपुढे धरला. "आमच्याकडे गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी कारण लिहून खाली सही लागायची. टायर पंक्चर, ड्रायव्हर आजारी, काहीही. पण लिहायचं. लिहा ना, डॉक्टर. 'मधुमेहाच्या रुग्णाला उपाशी ठेवलं, कारण...' पुढचं तुम्ही भरा."

डॉक्टरांनी पेन काढलं. टोक कागदाला लागलं, थोडा वेळ तिथेच राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला. शेवटी टोपण लावून त्यांनी फोन उचलला.

"सासूबाईंना दुसऱ्या नंबरवर घ्या," ते म्हणाले. पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोलत होतं. "हो, मी सांगतो नगरसेवकांना. मीच सांगतो."

सुचेन लिफ्टच्या दारातून बाजूला झाली नाही. लिफ्ट आली तशी उलटी सरकत थेट आत शिरली. बाहेरून तिचा मुलगा ओरडला, "आई, जखम भरायला माशाचं सूप संध्याकाळी आणू?"

"उद्या. आणि साखर घालशील तर बघ!"

ऑपरेशनच्या दाराशी तिने वेळ विचारली.

"आठ अकरा," यिजुन म्हणाली.

"अकरा मिनिटं उशीर. लिही. कारण, रांगेत घुसखोरी." तिने कागद यिजुनच्या हातात दिला. "हा जपून ठेव. सही मी बाहेर आल्यावर करते."