लिंबाला खिळे

जालन्याच्या कॉलेजात शिकणारी राजकुमारी सुट्टीत धावड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आली आणि पहिल्याच तासाला तिनं लिंबांना खिळे टोचले. खिळे टोचलेलं लिंबू म्हणजे करणी, हे धावड्यात पाळण्यातलं पोरही सांगेल. तिच्या जालन्यात मात्र लिंबाची ओळख सरबतापुरतीच. पोरं भिंतीला चिकटली. खिडकीतून बघणारी म्हातारी गोजरबाई तरातरा आत आली.

"कुणावर करून राह्यली गं हे?"

"घड्याळावर, आजी."

आता घड्याळ चाललं नाही, तर ही पोरं पुन्हा आपल्यापुढं बसत नाहीत, हे राजकुमारीला बराबर कळलं. खिळ्यांशेजारी तांब्याच्या तारा खोचून तिनं दोन लिंबांच्या तारा सेल काढलेल्या घड्याळाला जोडल्या. कोऱ्या काचेवर आकडे उमटले! पोरं भिंत सोडून टेबलावर तुटून पडली. "ताई, मी टोचतो! ताई, मला खिळा!"

गोजरबाई आकड्यांकडे बघतच राहिली.

"माझ्या जावेनं उभ्या जन्मात आमच्या दारात इतकी लिंबं टाकली," ती हळहळली, "सगळी वाया गेली की गं!"

दुसऱ्या दिवशी पोरांच्या आधी तीच शाळेत हजर. ओच्यात लिंबं, काखेत बंद पडलेला रेडिओ.