मोन्शाउच्या वाटेवरचा दसरा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मार्चमध्ये कचऱ्याच्या डब्यांवरून खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या मी कानाखाली वाजवली. पोलीस आले, माफी मागून झाली. त्याआधी घरात दोन ताटं भिंतीवर आपटली होती, आणि गणितावरून एकदा, एकदाच, मैथिलीला एक बसली होती. आमची नऊ वर्षांची पोर. मार्चमध्ये पोलीस गेल्यावर माझी बायको ऊर्मिला आवाजही न चढवता म्हणाली, "सत्यजित, यापुढे कुणावरही हात उचललास ना, तर मी हिला घेऊन येनाला जाईन." ही पोकळ धमकी नव्हती. जर्मनीच्या पार दुसऱ्या टोकाला, येनाच्या एका लेन्स बनवणाऱ्या कंपनीने आता तिला नोकरी देऊ केली होती. फेअरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, सहीवाचून टेबलाच्या खणात पडला होता आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

म्हणून सायकली. ही टूम माझीच. रागावर उतारा म्हणून मी लांब पल्ल्याची नवी कोरी सायकल घेतली, आणि आमच्या आखनहून मोन्शाउ असा बेत ठरवला. २०१७ चा दसरा नेमका शनिवारी आला होता. जुन्या रेल्वेमार्गावर केलेला तो रस्ता, चढ असून नसल्यासारखा. कॉर्नेलीम्युन्स्टरच्या दगडी चौकात आम्ही कॉफी प्यायलो. पुढे गायींची कुरणं, पाटीच्या दगडाची छपरं, आणि घरांभोवती वारा अडवायला वाढवलेली बीचच्या झाडांची कुंपणं, छपराला टेकलेली. एका कुत्रेवाल्याने वाट अडवली, वर मलाच सुनावलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी गिळली. मी गिळल्याचं ऊर्मिलाने पाहिलं आणि हसली. च्यायला, किती दिवसांनी हसली होती ती!

विजय मुहूर्त दुपारी तीननंतर होता. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आखनची वेळ काढून आली होती. आता दसऱ्याला नव्या गाडीची पूजा नाही करायची म्हणजे काय? पिशवीत नारळ, लिंबं, हळदकुंकू आणि कुंडीतल्या झेंडूच्या तीन माळा होत्या. मुहूर्ताला आम्ही मोन्शाउच्या अलीकडच्या एका खेड्यात होतो. वाट वळते तिथे कुंपणाला लागून गुडघ्याएवढा एक दगड होता, शेवाळलेला, आणि त्याच्यापुढे लाल काचेत दिवा तेवत होता.

"बघ, यांच्याकडेपण वेशीवरचा देव असतो," मी म्हणालो.

"त्यावर काहीतरी कोरलंय. आधी वाच," ऊर्मिला म्हणाली.

"अगं, मुहूर्त टळेल!"

मी दगडाला हळद लावली, कुंकू लावलं, चांगलं बोटभर, भक्तिभावाने. सायकलींना माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. आणि नारळ त्याच दगडावर हाणला. दुसऱ्या घावाला फुटला. पाणी दगडावरून ओघळलं आणि दिवा विझला.

कुंपणाच्या फाटकातून एक म्हातारा धावत आला. सत्तरी ओलांडलेला, आडदांड, हातात पानं ओढायचं लोखंडी दंताळं. काय ओरडत होता ते आधी कळलंच नाही. त्याने नारळाची भकलं लाथेने उडवली आणि माझ्या सायकलवर दंताळं घातलं. माळ तुटली, सायकलचा दिवा फुटला. मी म्हणालो, माफ करा, आमचा सण आहे. त्याने दांडा माझ्या खांद्यावर हाणला. मग पाठीवर. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. मी हात मागे बांधले, देवाशपथ बांधले, एका हाताने दुसरं मनगट आवळून उभा राहिलो.

"सत्यजित, चल, निघ," ऊर्मिला म्हणत होती. "मी बोलते त्यांच्याशी."

तिसरा फटका कानावर बसला. तोही खाल्ला. मग तो वळला आणि मैथिलीच्या छोट्या सायकलवर त्याने दंताळं उगारलं. ती हँडल धरून उभी होती. दात चाकात घुसले, तारा तुटल्या, ती किंचाळली.

माझं टाळकं सटकलं.

पहिला ठोसा त्याच्या तोंडावर. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. दुसरा नाकावर. दंताळं मी हिसकावून फेकलं आणि त्याला कॉलरला धरून त्या दगडावर आपटलं. तो खाली पडला. मला थांबायचं होतं असं म्हणायला आवडेल, पण नव्हतं थांबायचं. मजा येत होती. सहा महिने गिळलेलं सगळं बाहेर येत होतं, तो कुत्रेवाला, तो डबेवाला, ऑफिसातला प्रत्येक खोचक शब्द. मी त्याच्या बरगडीत लाथ घातली, पुन्हा घातली. कुणीतरी मागून दंड धरला. मी न बघता कोपर मागे हाणलं.

ऊर्मिला होती. ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं होतं. ती मैथिलीला कुशीत घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेली आणि तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

म्हातारा कसाबसा उठून बसला. नाकातून धार लागली होती. त्याने बाहीने दगड पुसायला घेतला, कुंकू, शेवाळ, स्वतःचं रक्त. खालची अक्षरं दिसायला लागली. मार्कुस, आणि दोन सालं. वजाबाकी मी उभ्याउभ्या केली. अठरा.

"माझा मुलगा इथेच पडला होता," तो म्हणाला. "मोटारसायकलवरून. असाच लाल झाला होता दगड."

मी खाली बसलो.

पोलीस आले. बाई तरुण होती, तिने आधी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "आधी मी मारलं. लहान मुलीची सायकल मोडली. मला तक्रार करायची नाही." तिने तरी सगळं लिहून घेतलं, माझा निवास परवाना पाहिला, पत्र येईल म्हणाली. त्याला स्ट्रेचरवर घालून नेलं. माझ्या मनात काय आलं सांगू? सुटलो. लाज वाटते, पण तेच आलं. त्याने आधी मारलं, त्यानेच कबूल केलं, आता ऊर्मिला काय बोलणार?

ती बसथांब्यावर होती. मी सायकल ढकलत गेलो.

"ऐकलंस ना? त्याने स्वतः सांगितलं," मी म्हणालो. "मी तीन फटके खाल्ले, ऊर्मिला. तू मोजलेस की नाही?"

"मोजले," ती म्हणाली. रुमाल ओठाला लावलेला होता. "तीनपर्यंत तू सुरेख वागलास. पुढचेही मोजले मी. तो पडल्यावरचे."

"तुला लागलं ते चुकून..."

"माहितेय. मी सही करणार आहे. सायकली तू आण, बसमध्ये तीन मावणार नाहीत."

बस वळणावर दिसली. मैथिली आईला चिकटून उभी होती, डोक्यावर हेल्मेट तसंच, पट्टा गळ्याखाली आवळलेला. पोरीला गरम होत असेल, म्हणून मी पट्टा सोडवायला हात पुढे केला.

"नाइन! नको!" तिने दोन्ही हातांनी हेल्मेट घट्ट धरलं.

"अगं, बसमध्ये कशाला लागतंय हेल्मेट?"

ऊर्मिलाने तिला पुढे घातलं आणि दोघी चढल्या. खिडकीजवळची जागा मिळाली त्यांना. दार बंद झालं, बस हलली, आणि मैथिलीने पट्टा उघडला, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.