मी हेझलगिल, एका घळीचं आडनाव

मी हेझलगिल बोलतोय. मी माणूस नाही, आडनाव आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःचा आवाजही नाही. कुणी मला उच्चारलं की मी जागा होतो, नाही तर गप्प पडून वाट बघतो. मला लिहितात, कोरतात, पण मला स्वतःला वाचता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मी फार भित्रा आहे. जन्मापासूनच.

यॉर्कशरच्या डोंगरात वर एक अरुंद घळ आहे. तिच्यात हेझलची झुडपं दाट वाढतात आणि उन्हाळा सरला की त्यांना टणक कवचाची फळं धरतात. फार जुन्या काळी तिथे दोन-चार घरं होती. मग मोठी मरी आली. घळीतली घरं एकामागून एक थंड पडली. रॉबर्ट नावाचा एकच माणूस वाचला आणि अंगावरच्या घोंगडीनिशी खालच्या गावात उतरला.

खाली आधीच दोन रॉबर्ट होते. झऱ्यावर पाणी भरताना बायका विचारायच्या, "कुठला रॉबर्ट गं?"

"तो गं, हेझलगिलचा. ज्याचं सगळं घर गेलं तो."

असा मी जन्मलो. तुमच्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावतात ना, त्यातलाच प्रकार. तो घळीत राहत होता तोवर त्याला कुणी घळीतला म्हटलं नाही. घर सुटलं तेव्हाच घराचं नाव त्याच्या पाठीला चिकटलं. कुणी मला उच्चारलं की रॉबर्ट दचकायचा, आणि त्याच्याबरोबर मीही. तो पुन्हा कधी वर गेला नाही.

पुढे त्याचा वंश वाढला. इतका वाढला की दरीतली निम्मी घरं माझीच झाली. तुम्हाला वाटेल, मी सुखावलो असेन. पण झालं उलटंच. सगळेच हेझलगिल म्हटल्यावर त्या नावाने हाक कोण कुणाला मारणार? म्हणून दरीतल्या लोकांनी आपली रीत पाडली. आज्याचं नाव, बापाचं नाव, मग माणसाचं. 'टॉमच्या जॉनचा विल.' 'नेडच्या सॅमची मेरी.' बाजारात, मेंढ्या कातरताना, भांडताना, प्रेमात, सगळीकडे हेच. मला बाहेर काढायचे ते फक्त देवळात. बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मयताला. सणासुदीच्या कोटासारखा मी पेटीतच असायचो.

पेटीत पडून मी मोजत राहायचो, आपले किती उरले.

दरीत पाणी वाहतं होतं, म्हणून खाली कापडाच्या गिरण्या आल्या. माझी माणसं मेंढ्या सोडून मागावर गेली. ती डोळ्यांसमोर होती, म्हणून मला फार वाटलं नाही. मला खरी भीती बोटींची. सायलस नावाचा एक तरुण न्यूझीलंडला निघाला तेव्हा त्याची आई हॅना दारात उभी राहून म्हणाली, "इथे मेंढ्या कमी आहेत का रे, त्या बघायला पृथ्वीच्या पार टोकाला चाललास?"

"तिकडे गवत गुडघ्याएवढं आहे, आई."

"गवत तुला खायचंय की मेंढीला?"

सगळे हसले. हॅनाही हसली आणि मग आत जाऊन तिने दार लावून घेतलं. मला वाटलं, विणलेल्या स्वेटरचा एक धागा कुणी ओढायला लागलंय. मी सायलसवर रागावलो. जो गेला तो मेला, असं मी ठरवून टाकलं. जे दरीत राहिले तेच माझे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी फ्रान्समधलं ते पहिलं मोठं युद्ध सुरू झालं. गिरणीच्या अंगणात फौजेतला एक मिशाळ साहेब आला. पेटीवर उभा राहून म्हणाला, जे मित्र एकत्र नाव देतील ते एकत्र राहतील. एका गल्लीतली, एका गिरणीतली पोरं, सगळी एकाच पलटणीत. एकमेकांपासून कुणी तोडणार नाही, हा शब्द.

दरीत दुसरं काय हवं होतं? माझी पोरं रांगेत उभी राहिली. नॉर्मन होता, हॅरोल्ड होता, सेथ होता, त्यांचे चुलत, मावस, सगळे.

"हॅरोल्ड, बंदुकीचं कुठलं टोक धरायचं ते तरी ठाऊक आहे का तुला?" सेथ म्हणाला.

"नॉर्मन धरेल तेच."

"मग मेलासच. नॉर्मनला झाडू सरळ धरता येत नाही."

नॉर्मनची बायको मार्था पोटुशी होती. तिने नवऱ्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि शेजारणीला म्हणाली, "निदान एकत्र आहेत. एकमेकांना बघतील."

मलाही तसंच वाटलं. कुणी बोटीने एकटा जात नव्हता, सगळा स्वेटर अखंड चालला होता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी घाबरलो नाही असा तेवढा एकच दिवस.

फ्रान्समध्ये एका सकाळी शिट्टी वाजली आणि पोरं खंदकातून बाहेर पडली. एकत्रच होती. साहेबाने शब्द पाळला होता.

दरीत बातमी पाकिटांतून आली. आमच्याकडे घरात मयत झालं की रस्त्यावरचे पडदे ओढून घेतात. त्या आठवड्यात गल्लीत आधी एका घराचे पडदे ओढले गेले, मग समोरच्या, मग पलीकडच्या. शेवटी ज्या घराचे पडदे उघडे होते त्या घरातल्या बाईलाच लाज वाटायला लागली. तिनेही ओढून घेतले.

पुढे देवळासमोर दगडी क्रूस उभा केला. त्याच्यावर माझी पोरं कोरली, एकाखाली एक. नावं वेगळी आणि पुढे प्रत्येक वेळी मी. माणसांत राहिलो त्यापेक्षा दगडावर जास्त झालो. गारठ्यात दगडावर पडून राहणं कसं असतं ते तुम्हाला कसं सांगू?

माणसांत पुरुष असा उरला तो एकच, मार्थाच्या पोटातला. त्याचं नाव एडविन. बापाला त्याने पाहिलं नाही, पण दरीच्या रीतीने तो 'नॉर्मनचा एडविन'च. बाकी म्हाताऱ्या होत्या, बिनलग्नाच्या मुली होत्या. त्या एकेक करून गेल्या, किंवा दुसऱ्या आडनावांत गेल्या. एडविनने गिरणीत जन्म काढला, बायको लवकर गेली, आणि त्याला एकच मुलगी, ऑड्री. आता ती मोठी होऊन तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे. गेल्या वसंतात तिने बस चालवणाऱ्या कॉलिन सगडनशी लग्न ठरवलं.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार देवळात पुकार होते. पाद्री वर-वधूची नावं घेतो आणि म्हणतो, या लग्नाला कुणाची रास्त हरकत असेल तर आत्ता सांगा. मग क्षणभर शांतता. पहिल्या रविवारी त्याने 'ऑड्री हेझलगिल' म्हटलं आणि मी जागा झालो. त्या शांततेत मला ओरडायचं होतं. 'माझी हरकत आहे! ही गेली की मी संपलो!' पण मला आवाज नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, एवढंच.

दुसऱ्या रविवारी दुपारी कॉलिन जेवायला आला. शेजारची एथेल मावशीही होती. ती मार्थाच्या मांडीवर वाढलेली, आता म्हातारी झालेली, आणि बोलायला लागली की कुणाला न ऐकणारी. जेवण झालं, चहा झाला, आल्याचा केक कापला. एडविन कपाची कड बोटाने पुसत राहिला. मग एकदम म्हणाला, "कॉलिन, तू हेझलगिल होशील का?"

"म्हणजे?"

"पूर्वी असं करायचे. ज्या घरात मुलगा नसे, तिथे जावई आडनाव घ्यायचा. काही कमीपणा नसे त्यात."

कॉलिनने केक खाली ठेवला. बिचारा चांगला मुलगा. "आमच्या आईला सांगायला तुम्ही जाल का? मी नाही जाणार बुवा. परवा तिच्या पुडिंगला पातळ म्हणालो, तर अजून बोलत नाही माझ्याशी."

"तुझी आई काय, बोलली नाही तर गावावर उपकारच," एथेल म्हणाली.

माझा जीव कॉलिनच्या तोंडाकडे लागला होता. त्याच्या चेहऱ्यावर नकार नव्हता. तो ऑड्रीकडे बघत होता.

ऑड्री म्हणाली, "नाही. मला नकोय."

"पोरी, नुसतं एक नाव आहे..."

"बाबा, तुम्हाला माहीत नाही. मी शाळेत जायची तेव्हा रोज त्या क्रुसावरून जायची. नोव्हेंबरात बाई आम्हाला तिथे उभं करून नावं वाचायला लावायच्या. हेझलगिल, हेझलगिल, हेझलगिल. प्रत्येक वेळी पोरं माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, दगडावर खाली रिकामी जागा ठेवलीय ती माझी. या आडनावाची मुलं मरतात असंच वाटायचं मला. मी डोळे मिटून पळत जायची तिथून." ती थांबली. "माझ्या मुलाला मी तिथून पळायला लावणार नाही."

एथेलने आपली बशी दूर सारली.

मी आजवर मरीला भ्यालो, बोटींना भ्यालो, पाकिटांना भ्यालो. पण एक लहान मुलगी मलाच भीत होती, रोज, शाळेच्या वाटेवर, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. कुठे तोंड लपवावं ते कळेना. आडनावाला तोंडही नसतं.

मग एडविन बोलला. हळूच, नेहमीसारखा. "मलाही वाटायची भीती. तू झालीस तेव्हा सुईण म्हणाली, मुलगी आहे. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि रडलो. सगळ्यांना वाटलं, मुलगा हवा होता म्हणून. तसं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, हिला कुणी न्यायचं नाही."

"मग आता कशाला मागता?"

"आता म्हातारा झालो, पोरी. आता एकटं वाटतं."

ऑड्री उठली. बापाच्या मागे जाऊन तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. कॉलिन उगाचच कप गोळा करायला लागला. एथेल म्हणाली, "ते राहू दे रे, फोडशील," आणि डोळे पुसले.

तिसऱ्या रविवारी पाद्र्याने पुन्हा विचारलं, कुणाची हरकत? पुन्हा ती शांतता. मी घाबरलेलाच होतो, हातपाय असते तर कापले असते. पण या वेळी मला एवढंच वाटत होतं, कुणी खोकूसुद्धा नये.

लग्न शनिवारी झालं. विधी आटोपल्यावर देवळाच्या मागच्या खोलीत सही करायची असते. तिथे नवरी आपलं जुनं आडनाव शेवटचं लिहिते. ऑड्रीने लेखणी उचलली आणि मला सावकाश लिहिलं. शेवटच्या अक्षरावर तिचा हात थोडा रेंगाळला. मग ती उठली आणि सगडन झाली. मला वाटलं, झालं. इतकंच असतं.

बाहेर लोक तांदूळ उधळत होते. आमच्याकडे नवऱ्या फुलांचा गुच्छ मैत्रिणींकडे फेकतात. मुली हात वर करून उभ्या होत्या. ऑड्री त्यांच्यातून सरळ पुढे गेली. क्रुसापाशी थांबली. कॉलिनने तिच्या झग्याचा घोळ उचलून धरला होता, एखाद्या टोपलीसारखा. तिने फुलं पायरीवर ठेवली आणि वर बघून मोठ्याने वाचायला लागली.

"हॅरोल्ड हेझलगिल."

या वेळी डोळे उघडे होते.

एडविन टोपी हातात घेऊन तिच्या शेजारी आला. "विलच्या बेनचा हॅरोल्ड," तो म्हणाला. "आई सांगायची, मागावर बसून इतका बेसूर गायचा की मुकादमाने त्याची जागा दाराजवळ नेली."

"नॉर्मन हेझलगिल."

"नेडचा नॉर्मन. याला झाडू सरळ धरता येत नसे."

लोक हसले. देवळासमोर, क्रुसापाशी, हसले.

"सेथ हेझलगिल."

"हॅनाच्या जोचा सेथ. सायलसचा पुतण्या."

सायलस! कित्येक वर्षांत ते नाव कुणी घेतलं नव्हतं. ते ऐकल्यावर मला कबूल करावं लागलं, जे मला नेहमीच ठाऊक होतं. दूर त्या गुडघ्याएवढ्या गवतात मी आहे. पुष्कळ आहे. तिथे फाटकांवर मला रंगवलंय, तिथे आया मला पूर्ण उच्चारून पोरांना रागावतात. ज्यांना मी मेलेले ठरवलं तेच जगले, आणि ज्यांना उराशी धरलं ते दगडावर गेले. तिकडच्यांनी माझी घळ पाहिलेली नाही. हेझल कसलं झाड, तेही त्यांना माहीत नसेल. पण रॉबर्ट तरी पुन्हा कुठे वर गेला होता?

ऑड्री सगळी नावं संपवून थांबली. दगडावर खाली जागा रिकामी होती. तिने तिथे हात ठेवून बघितला, नुसताच. मग ती कॉलिनच्या मोटारीत बसून गेली.

आता या दरीत मी फक्त एडविनजवळ आहे. तो खोकला की मी अजून दचकतो. भित्रा तो भित्राच. तुमच्या गावातही असे कोरलेले दगड असतील. जाता-येता एखादं नाव मोठ्याने घ्या, एवढंच मागणं आहे. पळून जाऊ नका. आम्ही कुणाला नेत नाही, आम्हालाच भीती वाटते.

त्या दिवशी सगळे पांगले तरी एडविन क्रुसापाशीच उभा होता. एथेल काठी टेकत परत आली. जन्मभर तिने त्याला 'नॉर्मनचा एडविन' अशीच हाक मारली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली,

"चला की, मिस्टर हेझलगिल! केक संपेल!"

"आलो," एडविन म्हणाला, आणि टोपी घातली.