पाचपैकी पाच

"एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी," कोर्टातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या. "सांगा, मुलीसमोर तिची आई तुमचा मान राखते का?"

लिफ्टमिस्त्री खुर्चीत चुळबुळला. वकिलाने बाहेर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "सगळीकडे एक नाहीतर दोन द्या. तुम्हा दोघांचं मुळीच पटत नाही असं दिसलं, तरच मुलीच्या ताब्याचा नव्याने विचार होईल. नाहीतर आहे तेच. रविवारच्या रविवार."

आतापर्यंत त्याने तसंच केलं होतं. खोटं तरी काय होतं त्यात? सुट्ट्यांवरून भांडणं, फोनवरची आदळआपट, जिन्यातला तो तमाशा. पण इथे जीभ रेटेना.

गेल्या महिन्यात मुलीचं शाळेत नाटक होतं. हा मित्राकडे पत्ते कुटत बसला आणि साफ विसरला. रविवारी खालमानेने गेला, तर पोरगीच धावत आली.

"बाबा, लिफ्टमधली माणसं रडत होती का रे?"

"कुठली माणसं?"

"अडकलेली! आई म्हणाली, बाबा त्यांना सोडवत होता, म्हणून नाही आला."

दारात उभी असलेली तिची आई आत निघून गेली होती. नंतरही तिने कधी जाब विचारला नाही.

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या.

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत येऊन बसला.

"पाच."

"पाच? आधीची उत्तरं पाहता..."

"भांडतो ना आम्ही, कडाकडा भांडतो. पण पोरीच्या कानावर माझ्याविरुद्ध शब्द जाऊ देत नाही ती. पाचच लिहा. आणि मागचे आकडेही मी रागात सांगितलेत. पुन्हा विचारा."

बाहेर हे ऐकून वकिलाने कपाळावर हात मारला. "धोंडा मारून घेतलात पायावर!"

झालंही तसंच. आईवडिलांमध्ये पुरेसं सहकार्य आहे, असा अहवाल गेला. मुलगी आईकडेच राहिली आणि याच्या वाट्याला रविवार.

पुढच्या रविवारी बागेतून परतताना पोरगी खांद्यावरच झोपली. दार उघडलं. त्याने वाकून तिचं डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं, आईने पाठीला हात दिला, त्याने शर्टात रुतलेली इवली बोटं एकेक करून सोडवली. पोरीची झोप काही मोडली नाही.

"जेवलीय ती," तो कुजबुजला.

"बरं."

दार अलगद लागलं. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपला हात अजून तसाच छातीशी दुमडलेला आहे.