हात केला की थांबायचं

रस्त्यात कुणी हात केला आणि गाडी थांबवली नाही, तर आमच्या ह्यांना जेवण जात नाही. निफाडपासून ओझरपर्यंत अर्धा मुलूख ह्यांच्या ओळखीचा, उरलेला पाहुण्यांतला. जीप होती तोवर हे खपून गेलं. दोन हजार आठ साली द्राक्षं चांगली गेली आणि ह्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याची परदेशी डिझेल गाडी घेतली. ती जपायची म्हणून वापर एवढाच: मळ्यातून पारावर आणि परत. सायकलवाले पुढे जाताना रामराम घालायचे.

काही दिवसांत स्टेअरिंगसमोर पिवळा दिवा लागला. ह्यांनी लिंबू-मिरची बांधली, मी दिव्यावर टिकली चिकटवली. शेवटी गाडी नाशिकला किशोर मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, धुराच्या नळीत जाळी असते, काजळी तिच्यात अडकते. गाडी हायवेवर तापून पळाली की ती आपोआप जळते, तुमची पळतच नाही. त्याने जाळी साफ केली, लॅपटॉप जोडून दिवा विझवला आणि बजावलं, दर आठवड्याला अर्धा तास न थांबता पळवा. पुन्हा चोंदली तर गाडी दारात शोभेला ठेवा.

पहिल्या रविवारी पिंपळगावच्या आतच झुंबरबाई कोथिंबिरीच्या जुड्यांसकट मागे बसली. पुढचे रविवारही असेच गेले आणि दिवा परत आला. माझं डोकं फिरलं. मी ह्यांना माझी शपथ घातली, आज गाडी थांबता कामा नये.

वाटेत हात करणारे चार-पाच जण मागे टाकले आणि नेमकी ओझरच्या फाट्यावर माझी थोरली नणंद, अक्काबाई, पिशवी घेऊन उभी. तिने हात केला. ह्यांनी डोळे मिटून घेतले असते, पण गाडी चालवत होते. नाशिकच्या अलीकडे दिवा विझला, आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. "वाल्मीकला गाडी आली आन् बहीण दिसंना झाली. भाऊबीजेला येऊ नको म्हणावं."

आईमागे ह्यांना अक्कानेच वाढवलेलं. हे जेवेनात. मलाही शपथेची लाज वाटू लागली. मग आम्ही त्या दिवशी मागे टाकलेल्या एकेकाच्या घरी माफी मागत फिरलो. दर घरी चहा, दर घरी गाडी बंद. ओझरला अक्काच्या दारात पोचेपर्यंत पिवळा दिवा पुन्हा हजर.

अक्काने पाणी दिलं, चहा नाही. ह्यांनी जाळीची सगळी कथा सांगितली. तिचा विश्वास बसेना. ती बाहेर आली, गाडीत वाकून दिवा नीट बघितला आणि पदर खोचून माझ्या जागेवर बसली.

"तू हान गाडी," ती ह्यांना म्हणाली. "लोकांचं मी बघते."

चांदवडपर्यंत ती खिडकीतून ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांना हात करत होती. काजळी जाळून येतो, परतताना घेतो, असं ओरडून सांगत होती. घाटाच्या आधी दिवा विझला. परतताना तिने खरंच सगळ्यांना घेतलं. मी कुणाच्या तरी गाठोड्याखाली होते.

भाऊबीजेला ह्यांनी विचारलं, "अक्का, ओवाळणीत काय घालू?"

"पुढची सीट," ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी मी मागे बसते.